आमच्या मंडपातलं साल्वाडोर

आप्पा,

तुमच्या हिशोबानं तुम्ही आता कुठंच नाही, त्यामुळे हे पत्र नेमकं कुणाला लिहिते आहेस, असं तुम्ही पहिल्याच ओळीला विचारलं असतं. माणूस मेला की संपला, पुढं काही नाही, हे तुम्ही जेवताना मीठ मागावं इतक्या सहज सांगायचात आणि आई दर वेळी "जेवताना तरी नको" म्हणायची. असो. लिहायला कारण झालं आहे. आपल्या मंडळाची स्मरणिका निघते आहे आणि तुमच्यावर एक पान मी लिहून द्यावं, असं नव्या अध्यक्षांचं म्हणणं पडलं. मी दिलंसुद्धा. कुशल कारागीर, हरहुन्नरी, कामगार चळवळीतले, हसतमुख. 'हसतमुख' वाचून तुम्हाला हसू आलं असतं, म्हणजे तेवढ्यापुरतं तरी ते खरं ठरलं असतं. त्या पानात साल्वाडोरचा देखावा मी एका वाक्यात उरकला. तो असा उरकण्यासारखा नव्हता, आणि ते पान देऊन आल्यापासून मला चैन पडत नाही.

तुमचं आणि गणपतीचं नातं आईला जन्मभर कळलं नाही. घरच्या गणपतीला तुम्ही हात जोडत नव्हतात, आरती सुरू झाली की बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहायचात. पण श्रावण लागला की तुमचं चित्त थाऱ्यावर नसायचं, कारण मंडळाचा देखावा तुमच्याकडे असायचा. "देव तुमचा, मोटर माझी," असा तुमचा मंडळाशी करार होता. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तुम्ही लेथवर होतात आणि मंडळाचे अध्यक्ष त्याच कारखान्यात फोरमन. एरवी ते तुमचे साहेब, संप झाला की तुमचे वैरी आणि गणपतीत तुमचे जिवलग. कारखान्यात तुमच्या हाताखाली कुणी नव्हतं. युनियनमुळे बढती अडली ती अडलीच. मंडपात मात्र आपल्या कॉलनीतले सगळे फिटर, वेल्डर, वायरमन तुमच्या एका शब्दासरशी धावायचे. ते दहा-पंधरा दिवस तुमची चालसुद्धा बदलायची, आप्पा. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून आता सांगते.

त्या वर्षी तुमच्या डोक्यात साल्वाडोर शिरलं. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं, मी उल्हासनगरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. तुम्ही पक्षाचं साप्ताहिक अथपासून इतिपर्यंत वाचायचात आणि कामावरून आलात की रेडिओचा काटा फिरवत कुठल्या कुठल्या देशांच्या बातम्या ऐकायचात. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, नकाशावर बोटाखाली झाकला जाईल एवढासा देश. जमीन मूठभर घराण्यांची, बाकीचे त्यांच्या कॉफीच्या मळ्यांत राबणारे. लोकांनी जमीन मागितली, मजुरी मागितली, काहीच मिळेना तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी बंदुका उचलल्या. हे कम्युनिस्ट आहेत, यांना थोपवलंच पाहिजे, असं म्हणून अमेरिकेनं तिथल्या सरकारला हेलिकॉप्टरं दिली, बंदुका दिल्या, त्या कशा चालवायच्या ते शिकवायला आपले अधिकारी दिले. गावंच्या गावं मारली गेली. तिथल्या मोठ्या धर्मगुरूंनी सैनिकांना सांगितलं, आपल्याच माणसांना मारू नका, तर त्यांना प्रार्थना चालू असताना गोळी घातली. हे आईला सांगताना तुम्ही मध्येच डोळे पुसत उठलात आणि पाणी प्यायला गेलात. देव न मानणारा माणूस एका पाद्र्यासाठी रडतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

अध्यक्षांना तुम्ही देखाव्याचा विषय सांगितलात तो आपल्याच घरी, चहा पिताना. "हा देश आला कुठं? आणि तिथं आपलं कोण आहे?" त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "लेथवाले असतीलच की." मग त्यांनी बशीतला चहा संपवला आणि नेमका प्रश्न काढला. "आणि तुमचा रशिया अफगाणिस्तानात काय करतोय? तो देखावा कधी करायचा?" तुम्ही म्हणालात, "एका मंडपात एकच देखावा मावतो." ते हसले आणि हो म्हणून गेले, कारण देखाव्यात हेलिकॉप्टर खरोखर फिरणार होतं आणि त्यांना तेवढं पुरे होतं. पण ते उत्तर नव्हतं, आप्पा. मीही पुढं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तुम्ही रेडिओचा आवाज वाढवलात. तुमच्यासारख्या सरळ माणसाच्या तोंडून निघालेली ती एकच पळवाट मला माहीत आहे.

मग काम सुरू झालं. अजूनही तो मंडप माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो. वनस्पती तुपाचे डबे कापून केलेलं हेलिकॉप्टर तारेवरून सरकतंय, त्याचं पातं टेबलफॅनच्या मोटरवर गरगरतंय, खाली चिखलोलीच्या एका आजीबाईंच्या शेतातून आणलेला खरा मका उभा आहे. तिथले शेतकरी कसे दिसतात, काय घालतात, आपल्यातल्या कुणालाच पत्ता नाही. साप्ताहिकातल्या काळपट फोटोत नुसते डोळे दिसतात. म्हणून गेल्या वर्षीच्या गोकुळाच्या देखाव्यातले गवळ्यांचे पुतळे बाहेर निघाले, त्यांची मोरपिसं उतरली. आपल्याला दर वर्षी मांडवाचं कापड आणि दिवे देणाऱ्या उल्हासनगरच्या सिंधी शेठनी त्यांच्यासाठी जीन्सच्या पॅंटी पाठवल्या. "अमेरिका में सब यही पहनते हैं." तुम्ही समजावत होतात, "शेठ, ही ती अमेरिका नव्हे." पण दुसरं काही नव्हतंच, शेवटी गवळ्यांना जीन्स चढल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं गोकुळातलं हसू मात्र पुसलं जाईना, तेव्हा तुम्ही स्वतः ब्रश घेऊन एकेकाचं तोंड मिटवत गेलात.

निवेदन माझ्याकडे होतं. लिहायचं मी आणि बोलायचंही मी. मी खपून लिहिलं, शूर शेतकरी, नराधम सैनिक, रक्तपिपासू महासत्ता. तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि म्हणालात, "विशेषणं काढ. मेलेल्या माणसाला विशेषण चिकटत नाही." मी दिवसभर रुसले आणि मग काढली. आज मी दुसऱ्यांची हस्तलिखितं तपासून पोट भरते आणि दिवसातून एकदा तरी मनातल्या मनात ते वाक्य म्हणते. उल्हासनगरला भजनांच्या कॅसेटी भरणाऱ्या एका दुकानात आपण माझा आवाज भरून घेतला. माझ्या आधी कुणा भजनी मंडळाचं गाणं चाललं होतं, त्यांच्यातल्या पेटीवाल्यानं थांबून सगळं ऐकलं आणि तुम्हाला विचारलं, "ये सच्ची बात है?" तुम्ही मान हलवलीत. त्यानं कानांच्या पाळ्यांना हात लावले. माझं शेवटचं वाक्य होतं, "हेलिकॉप्टर उद्याही येईल." त्यावर दिवे जायचे आणि देखावा संपायचा.

तिथंच सगळं अडलं. गणपती बसायच्या चार दिवस आधी अध्यक्ष आणि शेठ रंगीत तालीम बघायला आले. दिवे गेले, दिवे आले, तरी दोघं खुर्चीतून उठेनात. "बस? खतम?" शेठ म्हणाले. "और बाप्पा?"

"बाप्पा बसणार आहेत की तिकडे." तुम्ही रिकाम्या चौरंगाकडे बोट दाखवलंत.

"बैठेंगे, वो तो ठीक है. कुछ करेंगे नहीं?"

"तिथं काही केलेलं नाही त्यांनी, शेठ."

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, वरून बाप्पाचा हात येऊ दे, हेलिकॉप्टर खाली पडू दे, लोक हात जोडतील, काम फत्ते. तुमच्या कपाळाची शीर ताठ झालेली मला विंगेतून दिसत होती. तुम्ही म्हणालात, "तिथं माणसं आजसुद्धा मरतायत. आपण त्यांना इथं बसून वाचवून टाकायचं आणि प्रसाद खाऊन घरी जायचं?" अध्यक्षही मग चिडले. गणपतीच्या मंडपात गणपती नुसता बघत बसतो, हे मी लोकांना कसं सांगू? जमत नसेल तर राहू दे, ठाण्याहून तयार देखावा भाड्यानं आणतो, आणि दर वर्षी तेच करू म्हणजे हा त्रासच नको. तुम्ही म्हणालात, "आणा." आवाज शांत होता, पण हातातला पाना तुम्ही खाली ठेवलात तो ठेवायच्या जागेवर नाही, जमिनीवर. आपला देखावा त्या क्षणी गेला आणि त्याच्याबरोबर तुमचे ते वर्षातले पंधरा दिवसही गेले, हे मला कळलं आणि मला रडू फुटलं.

शेठ निघताना तुमच्याजवळ थांबले. त्यांचा आवाज एरवी दुकानभर असायचा, तो एकदम खाली आला. "मैं छोटा था, माँ की उँगली पकड़ के इधर कैंप में आया. उधर सिंध में घर जल रहा था. हमारे लिए भी कोई हाथ नहीं आया, साईं."

"मग तुम्हाला तर ठाऊक आहे," तुम्ही म्हणालात.

"मालूम है. इसीलिए तो माँगता हूँ."

आपण घरी आलो. आई कणीक मळत होती. मी तिला सगळं सांगितलं, तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. तिनं हात थांबवले नाहीत. म्हणाली, "एवढं भांडायचं काय त्यात? तिकडची माणसं अजून वाट बघतायत ना? मग हात येऊ द्या, पण पोचू देऊ नका. अर्ध्यावर थांबवा. तुमचं खोटं होत नाही आणि त्यांचा देव रिकामा बसत नाही." तुम्ही तिच्याकडे असं पाहिलंत की मला वाटलं, आता चिडणार. तुम्ही चपला घातल्यात आणि थेट भंगारवाल्याकडे गेलात. आलात ते मोडक्या गाडीच्या वायपरची मोटर घेऊन. आईचं कौतुक मात्र तुम्ही तोंडानं केलं नाहीत. तिनं त्याबद्दल पुढची दहा वर्षं तुम्हाला टोमणे मारले आणि त्यातला प्रत्येक टोमणा तुमच्या वाट्याचाच होता.

थर्माकोलचा मोठा थोरला हात झाला, मनगटाला सोनेरी कागदाचं कडं. अध्यक्षांनी तो हलताना पाहिला, हेलिकॉप्टरपासून वीतभर अंतरावर थांबताना पाहिला, डोकं खाजवलं आणि "बघू लोक काय म्हणतात" एवढंच बोलले. मी शेवटचं वाक्य नव्यानं भरून आणलं. "हात निघाला आहे. तो अजून पोचलेला नाही." पहिल्या संध्याकाळी मंडप गच्च. हेलिकॉप्टर घोंघावतंय, मका हलतोय, तोंड मिटलेले गवळी वर बघतायत, वरून हात खाली खाली येतो आणि थांबतो. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अडकला रे!" आणि आपल्या कॉलनीचा स्वभाव उफाळून आला. बंद पडलेलं यंत्र बघून गप्प बसेल असा माणूस त्या गर्दीत होताच कुठं? दोघे फिटर पडद्यामागे घुसले, एकानं खिशातून टेस्टर काढला, तिसरा म्हणाला, "गिअरचा दात गेला असंल, बाजूला व्हा, मी बघतो." तुम्ही मोटरपुढे दोन्ही हात पसरून उभे. "अरे बिघडलेलं नाही काही! तो पोचलेला नाही!" "तेच म्हणतोय आप्पा, पोचवतो ना!" रोज हाच प्रकार. रोज नवा माणूस पाना घेऊन यायचा आणि रोज तुम्ही त्याला साल्वाडोर कुठं आहे इथपासून सगळं सांगायचात. मला वाटतं, निवेदनानं झालं नाही इतकं काम त्या अडकलेल्या हातानं केलं.

गौरी आल्या त्या दिवशी चिखलोलीच्या त्या आजीबाई आल्या, मक्याच्या. आपल्या मक्याचं काय केलं ते बघायला. सगळ्यांत पुढे बांबूला धरून उभ्या होत्या. हात थांबला, लोक "अडकला" म्हणून हसायला लागले, तशा त्या मागे वळून कडाडल्या, "आरं, नुसते बगताव काय? ओरा त्याला खाली!" आणि कुणी काही करायच्या आत बांबूखालून वाकून आत शिरल्या, मका तुडवत गेल्या आणि त्या हाताला लोंबकळल्या. आत सगळ्या वायरी उघड्या होत्या. तुम्ही झेप घेऊन मेन स्विच खाली ओढलात, मी तुम्हाला इतकं चपळ कधी पाहिलं नव्हतं. अंधारात कडाड असा आवाज झाला. दिवे आले तेव्हा हात मनगटातून मोडून हेलिकॉप्टरवर पडला होता, हेलिकॉप्टर मक्यात पडलं होतं आणि आजीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या. तुम्ही धावत जाऊन त्यांना विचारलंत, लागलं का कुठं. त्या तुमच्यावरच खेकसल्या, "कवरा येल थांबाचा त्यानं? लोकं मरतान ना तथं!"

आणि तुम्ही हसलात, आप्पा. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. स्मरणिकेतलं 'हसतमुख' मी त्या एका संध्याकाळवरून लिहिलंय.

हात पट्टी मारून जोडला. दुसऱ्या दिवशीपासून अध्यक्षांच्या सांगण्यावरून तुम्ही त्याला जाड दोरी बांधलीत आणि तिचं टोक बांबूबाहेर सोडलंत. हात थांबला की लोकांनी ओढायचा. मग बदलापूरहून, जांभूळहून, कुठून कुठून माणसं आली, बायका पोरांना कडेवर घेऊन दोरी ओढायच्या. शेठ सहकुटुंब आले, त्यांनी ओढली आणि डोळे पुसले. अध्यक्ष तुमच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना सांगत होते, पुढच्या वर्षीही हेच करणार, भाड्याचं काही नाही. तुमची जागा तुम्हाला मिळाली होती. तरी विसर्जनाच्या आदल्या दिवशी तुम्ही मंडपाच्या मागच्या बाजूला एकटे उभे होतात. मी विचारलं तर म्हणालात, "दोरी ओढून खूश होऊन जातात गं. हेच मला नको होतं." मी वैतागले. "मग काय करायचं होतं त्यांनी?" तुम्ही म्हणालात, "ठाऊक नाही." तुमच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले आणि मला तुमची भीती वाटायची ती त्या दिवशी गेली.

पुढं रशिया फुटला. पक्षाच्या कचेरीत उरलेली माणसं एका बाकड्यावर मावायला लागली. तुम्ही रेडिओ लावायचात, पण काटा फिरवायचा नाहीत. त्याच हिवाळ्यात माझं माहेरपण चालू होतं आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, जाहिरातीच्या शेजारी, चार ओळींची बातमी होती. साल्वाडोरमध्ये करार झाला, बंदुका खाली ठेवणार. तुम्ही ती मोठ्यानं वाचलीत. आईनं विचारलं, "कोण जिंकलं?" तुम्ही म्हणालात, "कुणीच नाही. बसून बोलले." "मग हात पोचला म्हणायचा?" "माणसं बोलली, अगं. माणसं." आई म्हणाली, "मग तेच म्हणतेय मी." तुम्ही वाद घातला नाहीत. पेपरची घडी घातलीत आणि किती मेले असतील गं एवढ्या वर्षांत, असं स्वतःशीच म्हणालात.

त्यानंतर तीनेक वर्षांनी तुमच्या छातीनं दगा दिला. दुपारची वेळ होती, तुम्ही उल्हासनगरच्या हॉस्पिटलात खाटेवर आणि मी बदलापूरहून डबा घेऊन आलेली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं ते तुम्हाला सांगायचं नव्हतं, आणि तुम्ही विचारलं नाहीत म्हणजे तुम्हाला कळलेलंच होतं. मी स्टुलावर बसले. कुणी येत नाही, काही होत नाही, सगळं माणसांनीच करायचं असतं, हे मी तुमच्याचकडून शिकले होते आणि त्या दुपारी करायला माझ्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. तुम्ही डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहत होतात. "ओठ काय हलतायत गं तुझे?"

"पाढे म्हणतेय," मी म्हटलं.

"कितीचे?"

"सतराचे."

तुम्ही डोळे मिटलेत. श्वास पुरत नव्हता तरी म्हणालात, "म्हण मग. मध्ये थांबू नकोस."

मी थांबले नाही. तुमचा हात हातात घेऊन शेवटपर्यंत म्हणत राहिले. अथर्वशीर्ष म्हणत होते, आप्पा. सतराचा पाढा मला कधी आलाच नाही, आणि हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.